साईटची रंगीत तालीम

"पद्माताई, ऋतुजाला काय झालंय ओ?"

रविवारी सकाळी रक्तपेढीतून नलिनीताईंचा फोन आला, तेव्हा सात वर्षांची ऋतुजा माझ्यासमोर बसून उप्पिटातले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला काढत होती. तिला शेंगदाणे आवडत नाहीत आणि मी घालायचं सोडत नाही, असा आमचा तेव्हाचा रोजचा तंटा. मी म्हटलं, काही झालेलं नाही, खातेय आणि कुरकुरतेय, म्हणजे उत्तम आहे.

"मग ही एवढी माणसं कशाला आलीत? दारात पाय ठेवायला जागा नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ऋतुजासाठी आलोय. एकाला तर बेडवर झोपवलंय, आता सुई लावायची."

"सुई लावू नका," मी म्हटलं. "त्यालाच काय, कुणालाच लावू नका. मी येते तोवर सगळ्यांना थांबवून धरा."

रक्त द्यायला दारात आलेल्या माणसांना थांबवा म्हणणारी आई बघून नलिनीताईंना माझ्या डोक्याचीच शंका आली असणार. पण माझं डोकं ठिकाणावर होतं, आणि म्हणूनच मी एवढी घाबरले होते.

ऋतुजाला थॅलेसेमिया आहे. शरीरात नीट रक्त तयारच होत नाही, म्हणून तान्ही असल्यापासून दर तीन आठवड्यांनी तिला बाहेरून रक्त द्यावं लागतं. आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण रक्त काही दवाखान्यात पिकत नाही. ते माणसांनीच द्यावं लागतं, आणि एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. साठवून ठेवावं तर महिना-सव्वा महिन्यात ते फेकून द्यायची वेळ येते. तेव्हा दात्यांची पाळी लावणं आलं. ती पाळी लावायला आम्ही अशा मुलांच्या आईबापांनी मिळून एक वेबसाईट केली होती. दाते तिच्यावर नाव नोंदवायचे. मुलाची तारीख आली की साईट हिशोब करून ज्यांची पाळी असेल त्या एकदोघांना मोबाईलवर मेसेज पाठवायची. दात्यांची नावं मात्र आम्हा आईबापांना दिसत नसत. कुणी कुणाच्या दारात जाऊन गळ घालू नये म्हणून रक्तपेढीनेच तसा नियम घातला होता. त्यामुळे माझ्या मुलीला आजवर कुणाकुणाचं रक्त मिळालं, हे मला कधीच कळलं नव्हतं.

आता ते सगळेच्या सगळे दारात उभे होते. सगळ्यांनी त्या सकाळी रक्त दिलं असतं, तर पुढचे तीन महिने ऋतुजासाठी एक माणूस उरला नसता. आणि न देता त्यांना परत पाठवावं, तर पुढच्या खऱ्या मेसेजला कोण येणार? इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं, ते मला रिक्षात बसल्याबसल्या कळलं. ऋतुजाला शेजारच्या काकूंकडे बसवून मी निघाले होते. तिचे बाबा लग्नाला बेळगावला गेलेले. रिक्षातूनच मी जयवंताला फोन लावला.

जयवंत आरवाडे हा ऋतुजाच्या बाबांचा शाळेपासूनचा मित्र. सांगलीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि आमची साईट मैत्रीखातर सांभाळायचा. पण त्याचा जीव खरा नाटकात. सांगलीत हौशी नाटकवाल्यांची काय वाण, त्यात हा एका मंडळाची प्रकाशयोजना करायचा, आणि नाटकातले सगळे नियम आयुष्याला लावायचा. बायकोने नवीन भाजी केली तरी म्हणायचा, आधी घरच्यांवर प्रयोग कर, मग पाहुण्यांना वाढ.

महिनाभरापूर्वी तो आमच्याकडे चहाला आला होता, तेव्हा त्याने सांगितलं की आपली साईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते फार जुनं झालंय. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साईट ठेवली होती, ती या महिनाअखेरीनंतर त्या जुन्या सॉफ्टवेअरला हात लावणार नव्हती.

"म्हणजे कसं, वहिनी, घराला जुनं कुलूप आहे, आणि आता तसल्या कुलपाच्या किल्ल्या चोरांकडेही झाल्यात."

"मग बदल की कुलूप. त्यात चहा घेत सांगण्यासारखं काय आहे?"

"कुलूप बदलताना दारच निखळलं तर?"

साईट दोन दिवस बंद पडली तर काय होईल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

जयवंताने मात्र केला होता. चालत्या साईटला तो बोट लावणार नव्हता. तिची जशीच्या तशी प्रत काढायची, ती दुसऱ्या जागी उघडून बघायची, कारण नुसती काढून ठेवलेली प्रत ऐन वेळी उघडलीच नाही तर तिचं काय लोणचं घालायचं, असं त्याचं म्हणणं. मग त्या प्रतीवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आणि रंगीत तालीम करायची. सगळं बिनचूक झालं, तरच खऱ्या साईटचा पडदा वर करायचा. मी सुचवलं की तालमीसाठी खोटी नावं घाल. त्यावर तो दुखावल्यासारखाच झाला. रंगीत तालमीला दिवे खरे, कपडे खरे, रंगभूषा खरी, सगळं खरंच लागतं, आणि मूळ यादीतली खोच खोट्या यादीत कशी सापडणार, असं त्याने मला सुनावलं. मी शाळेत भूगोल शिकवते, मला काय कळणार.

शनिवारी दुपारी त्याच्या घरी तालीम झाली. मी होते, आणखी एका मुलाचे वडील होते, आणि स्वतः जयवंत. मेसेज जाण्याचा रस्ता त्याने बंद करून ठेवला होता. मला म्हणाला, वहिनी, जे बटण एरवी दाबत नाही ते आज दाबा. साईटवर तातडीच्या मागणीचं एक लाल बटण होतं. देवाच्या कृपेने ते कधी दाबायची वेळ आली नव्हती. मी ऋतुजाच्या नावाने ते दाबलं. पडद्यावर मेसेज दिसला आणि खाली आलं की मेसेज तयार आहे, पाठवणे बंद आहे. आम्ही खूश झालो, भडंग खाल्लं आणि आपापल्या घरी गेलो.

रिक्षातून मी हे सगळं जयवंताला ओरडून सांगत होते, आणि तो पलीकडे नुसता हं हं करत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, पहाटेचं विसरलो." आमची साईट रोज पहाटे आपणहून उठून आदल्या दिवशीचे राहिलेले मेसेज पाठवत असे. प्रत जशीच्या तशी काढली, तशी ही पहाटे उठायची सवयही प्रतीत उतरली. बटणाचा रस्ता बंद होता, पहाटेचा उघडाच राहिला. पण मग मेसेज एकदोघांना न जाता सगळ्यांना का गेला, ते त्यालाही कळेना. मेसेज चुकून गेला असं कळवणारा दुसरा मेसेज लगेच पाठवतो आणि येतो, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

रक्तपेढीच्या आवारात पोचले तर खरोखरच जत्रा. सायकली, मोटरसायकली, गावाकडून आलेला एक टेम्पोसुद्धा. दुसरा मेसेज काहींना मिळाला होता, काहींनी तो वाचला नव्हता, आणि ज्यांनी वाचला त्यांचा दोन्हींतला खरा कोणता याचा घोळ झाला होता. नलिनीताई दारातच मला भेटल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, रक्त मिळालं, मुलगी आता बरी आहे, एवढं सांगून मोकळ्या व्हा. कुणाला कळतंय?

सल्ला वाईट नव्हता. तेवढ्यात जयवंत आला, हेल्मेटही न काढता. "मी बोलतो," म्हणाला. "चूक माझी आहे."

"नाव माझ्या पोरीचं गेलंय," मी म्हटलं. "मी बोलते."

वर्गात साठ मुलींना गप्प करायची सवय होती म्हणून आवाज फुटला, नाहीतर कठीण होतं. मी पायरीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मी ऋतुजाची आई. ऋतुजाला आज रक्ताची गरज नाही, तिची तारीख पंधरा दिवसांनी आहे. साईटचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, त्याची आम्ही तालीम करत होतो, आणि तालमीचा मेसेज चुकून तुम्हाला आला. तुम्ही आज रक्त देऊ नका, कारण सगळ्यांनी आज दिलं तर पुढे तिला कुणाचं मिळणार नाही. तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, त्याबद्दल हात जोडते.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे येड्यात काढलं म्हणा की आमाला." दोघेतिघे मान हलवत वळलेही. एकाने मोटरसायकलला किक मारली. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. इतक्या वर्षांत जमवलेली माणसं एका सकाळीत गेली.

तेवढ्यात आतून एक उंच, पन्नाशी ओलांडलेला माणूस बाहेर आला. शर्टाची बाही दंडापर्यंत वर केलेली. बेडवर झोपवलेला तो हाच. नाव आण्णाप्पा, सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल. त्याने मला विचारलं, "ताई, पोरीला काय बी झालेलं न्हाई?"

"नाही. घरी आहे. खातेय-पितेय."

"नक्की न्हवं?"

"तिच्या शपथेवर सांगते."

त्याने बाही खाली घेतली आणि पायरीवर बसकण मारली. "मग मेसेजात वय का न्हवतं?"

मला काही समजेना. जयवंत पुढे झाला. आण्णाप्पाने त्याच्याकडे बघितलंच नाही, तो माझ्याशीच बोलत होता.

"दर खेपंला वय येतंय. ऋतुजा, वय चार. मग ऋतुजा, वय पाच. तिला कधी बघितल्याली न्हाई, पण वय वाढलेलं दिसलं की घरात वाचून दावतो, आपली पोरगी मोठी व्हायलीय म्हणून. ह्या खेपंला नुसतं ऋतुजा, वय, आन फुडं मोकळंच. वर आन तातडीचं. म्हटलं, आता वय लिवायचं कारणच उरलं न्हाई का काय."

मोटरसायकलवाल्याने गाडी बंद केली होती. खाकी गणवेशातला एक एसटीचा कंडक्टर, नजीर मुल्ला, म्हणाला की माझ्याही मेसेजात वय नव्हतं, म्हणून तर ड्युटी बदलून आलो. बेडगच्या अंगणवाडीतल्या शालनताई कांबळे म्हणाल्या, मला वाटलं फक्त माझ्याच मोबाईलात दिसत नाही.

मला रडू फुटलं. लोकांसमोर रडणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवत आले, आणि भर आवारात पदर डोळ्यांना लावून उभी राहिले.

जयवंत मात्र आण्णाप्पाच्या शेजारी पायरीवर बसून त्याच्या मोबाईलमधला मेसेज परत परत वाचत होता. मग एकदम मला म्हणाला, "वहिनी, तारखा. नव्याला आपल्या तारखा वाचताच येत नाहीत." आपण तारखा लिहायचो त्या जुन्या पद्धतीने, आणि नवं सॉफ्टवेअर त्यांना कोरी जागा समजत होतं. ऋतुजाची जन्मतारीख कोरी, म्हणून वय नाही. प्रत्येक दात्याची शेवटच्या रक्तदानाची तारीख कोरी, म्हणून कुणीच कधी रक्त दिलेलं नाही असं समजून त्याने सगळ्यांनाच बोलावलं. आदल्या दिवशी पडद्यावर तो मेसेज आम्ही तिघांनी वाचला होता. तिघांनाही ऋतुजाचं वय तोंडपाठ, त्यामुळे मोकळी जागा कुणालाच दिसली नाही. ज्यांना तिचं वय फक्त मेसेजमधून कळायचं, त्यांना पहिल्यांदा तीच दिसली.

"मग झाली की तुमची तालीम," नजीरभाई म्हणाले. "प्रेक्षक जरा लवकर आले एवढंच."

लोक हसले. ज्याने येड्यात काढल्याची तक्रार केली होती तोही हसला, आणि वर मला विचारलं की आता आलोच आहोत तर पोरगी तरी दाखवा.

जयवंत स्कूटरवरून ऋतुजाला घेऊन आला. एवढी माणसं बघून ती माझ्या पाठीमागे लपली. मी तिला काय सांगणार होते? हे सगळे तुझे कोण, याला आपल्या भाषेत नातंच नाही. मामा म्हण, मावशी म्हण, असं काहीतरी म्हटलं. शालनताईंनी तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि नलिनीताईंना विचारलं, "माझं हिला गेलंय काय ओ?"

नलिनीताई नियमाच्या पक्क्या. कुणाचं कुणाला ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मग ऋतुजाकडे बघून म्हणाल्या, "गेलं असेल. गट तोच आहे."

आण्णाप्पाने ऋतुजाला समोर उभी केली, तिची उंची हाताने आपल्या छातीपाशी मोजली आणि हात तसाच धरून बघत राहिला.

त्या दिवशी कुणाचंही रक्त घेतलं नाही. नलिनीताईंनी सगळ्यांना चहा दिला, आणि जाताना नजीरभाई, शालनताई आणि आण्णाप्पा यांनी जयवंताला बजावलं की पुढच्या तालमीचा मेसेज आम्हाला पाठव, तुम्हा घरच्यांना चुका दिसत नाहीत. जयवंतानेही मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या तालमीला त्याने प्रतीतले सगळे नंबर पुसून फक्त या तिघांचे आणि स्वतःचा ठेवला, तारखा सगळ्या नव्या पद्धतीने बसवल्या आणि पहाटेचा रस्ताही बंद केला. तिघांचे फोन आले, वय दिसतंय. मग पुढच्या रविवारी सकाळी त्याने खऱ्या साईटवर नवं सॉफ्टवेअर चढवलं, जुनी प्रत हाताशी उघडून ठेवून. मी शेजारी बसून नमोकार मंत्र म्हणत होते. पंधरावीस मिनिटांत झालंसुद्धा, इतकं साधं की मला जरा फसल्यासारखंच वाटलं.

तरी धाकधूक होतीच. आठवडाभराने ऋतुजाची तारीख आली आणि नव्या साईटने पहिला खरा मेसेज पाठवला, एकालाच, ज्याची पाळी होती त्यालाच. आता तो माणूस येतो का नाही, हे कुठल्या सॉफ्टवेअरच्या हातात नव्हतं. मी रक्तपेढीच्या बाकावर जाऊन बसले. रक्तपेढीचं दार उघडायच्या आधीच एकजण येऊन उभा होता. आवारात येड्यात काढलं म्हणणारा तोच. माझ्याकडे बघून म्हणाला, "वय बघून आलोय," आणि आत गेला.

त्या यादीतलं एकही नाव त्या सकाळीमुळे गळालं नाही. उलट त्यांच्या ओळखीपाळखीने आणखी माणसं आली. मी कुणाकुणाचे उपकार मानू, हा प्रश्न पडला की मी जयवंताच्या त्या विसरलेल्या पहाटेचे आधी मानते. तो म्हणतो, वहिनी, माझ्या चुकीचे आभार मानणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच.

मागच्या वर्षी ऋतुजाला एकविसावं लागलं. शिकतेय, अजून उप्पिटावरून भांडतेय. त्याच सुमाराला एक दिवस आण्णाप्पा घरी आला. पेठेतलं काम आता सुटलंय, केस पांढरे झालेत. त्याला पासष्ट पूर्ण झाली होती. त्या वयानंतर रक्त घेत नाहीत, म्हणून साईटने आपणहून त्याचं नाव यादीतून काढलं होतं. मला वाटलं, तोच राग घेऊन आलाय. मी समजूत घालायला लागले की आण्णाप्पा, नियमच आहे, आणि तुम्ही खूप दिलंत.

"रगत घिऊ नगा की," तो म्हणाला. "घिऊ नगा. माझं काय म्हणणं न्हाई. मेसेज तेवढा येऊ द्या."

मी जयवंताला फोन लावून आण्णाप्पाच्या हातात दिला.